१/३५ रोल्स-रॉइस चिलखती मोटार : तारेच्या आऱ्यांची चाके धाग्याने विणावीत की फोटोएचची घ्यावीत?

रणरथ३५ यांचा प्रश्न

नमस्कार. १९१४ च्या नमुन्याची रोल्स-रॉइस चिलखती मोटार १/३५ प्रमाणात बांधायला घेतली आहे. ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलाला डिसेंबर १९१४ मध्ये ज्या पहिल्या गाड्या मिळाल्या, त्यांतली एक दाखवण्याचा विचार आहे. चिलखताचे पत्रे, बुरूज आणि व्हिकर्स मशीनगन यांचे काम समाधानकारक झाले आहे, परंतु चाकांपाशी अडलो आहे. किटमधले प्लास्टिकचे आरे कॅलिपरने मोजले असता सुमारे ०.४ मिमी भरले. ३५ पटींनी वाढवल्यास हे १४ मिमी जाडीचे गज होतात, आणि मूळ गाडीला तर बारीक तारांची चाके होती. शिवाय मागच्या धुरीला प्रत्येक बाजूस जोडचाके असल्यामुळे एकंदर सहा चाकांचा प्रश्न आहे.

आरे कापून टाकून धाग्याने किंवा तारेने नवे विणावेत, की फोटोएचचे (धातूच्या पातळ पत्र्यातून रसायनाने कोरून काढलेले) आरे घ्यावेत, याचा निर्णय होत नाही. विणलेली चाके मॉडेलचे वजन पेलतील का, हीही शंका आहे, कारण माझा बुरूज रेझिनचा असून बराच जड आहे.

तारकाम यांचे उत्तर

माझे मत स्पष्टपणे विणण्याच्या बाजूने आहे, मात्र त्याचे कारण केवळ जाडी हे नाही. तारेचा आरा फक्त ओढ सहन करू शकतो, त्याला रेटा देता येत नाही. तुंब्यापासून (चाकाच्या मधल्या हबपासून) रिमपर्यंत सरळ त्रिज्येच्या दिशेने लावलेल्या तारा इंजिनाचा पीळ रिमपर्यंत नीट पोहोचवू शकत नाहीत, म्हणून तारा तुंब्याच्या कडेला स्पर्शिकेसारख्या लावतात. एक पुढे कललेली, तिच्या शेजारची मागे कललेली, अशी ही रचना जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये सायकलच्या चाकासाठी पेटंट केली आणि पुढे मोटारींनी ती उचलली. चाक खरे वाटते ते या छेदणाऱ्या तारांमुळे आणि बाहेरची व आतली रांग वेगवेगळ्या कोनांत उतरल्यामुळे जी खोली दिसते तिच्यामुळे. संख्येत दोन-चार आरे कमी पडले तर कोणाच्या लक्षात येणार नाही. सगळे आरे एकाच पातळीत बसले, तर मात्र चाक लगेच खोटे दिसते.

आता मापे. ही चिलखती गाडी रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट मोटारीच्या चासीवर बांधलेली होती, आणि सिल्व्हर घोस्टच्या टायरचे प्रचलित माप ८९५ × १३५ मिमी होते. त्या हिशेबाने १/३५ मध्ये बाहेरचा व्यास सुमारे २५.६ मिमी आणि रुंदी ३.९ मिमी येते. किटचे टायर याच्या जवळपास असतील तर तेच ठेवावेत. खरा आरा ४ मिमीचा धरला तर आपल्याला ०.११ मिमी जाडी हवी, आणि ती मासेमारीच्या बारीक नायलॉन दोऱ्यात किंवा विजेच्या लवचीक वायरीतल्या एकेका तांब्याच्या तारेत सहज मिळते. तांब्याची तार घेतल्यास तिचे एक टोक शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळून दुसरे टोक पकडीने हलकेच ओढावे. ती जराशी लांबते, सरळ होते आणि कडकही होते. फ्लुरोकार्बनचा दोरा मात्र टाळावा, कारण त्याला सुपरग्लू नीट धरत नाही.

विणण्यापूर्वी जिग, म्हणजे भाग जागेवर धरून ठेवणारा साचा, करणे अत्यावश्यक आहे. जाड प्लास्टिकच्या पत्र्यात रिम घट्ट बसेल असा गोल खाचा कोरावा, त्याच्या अचूक मध्यावर पितळी पिन उभी करावी आणि तुंबा त्या पिनवर योग्य उंचीवर ओवावा. रिमच्या आतल्या बाजूस आणि तुंब्याच्या दोन्ही कडांना ०.२ मिमीच्या ड्रिल बिटने, पिन वाइस (बारीक बिट धरून हाताने फिरवायची पकड) हातात धरून, भोके पाडावीत. तुंब्याकडची भोके तारेच्या दिशेने तिरपी पाडली तर तार कडेपाशी मोडल्यासारखी वळत नाही. विणताना एका बाजूने क्रमाने पुढे जाऊ नये. एक तार बसवली की समोरच्या चतुर्थांशातली बसवावी, मग काटकोनातल्या दोन. प्लास्टिकची रिम इतकी पातळ असते की एकाच बाजूने ताण आला तर ती लंबगोल होते, आणि तो दोष नंतर काढता येत नाही. आधी आतली रांग पूर्ण करावी, नंतर बाहेरची. प्रत्येक टोकाला सुईच्या अग्रावर मावेल इतकाच पातळ सुपरग्लू द्यावा.

सूक्ष्मयंत्र यांचे उत्तर

तारकाम यांच्या भूमितीविषयीच्या म्हणण्याशी पूर्ण सहमत आहे, तरी सहाही चाके विणण्याचा आग्रह मला अनाठायी वाटतो. फोटोएचचा मुख्य दोष हा, की आऱ्याचा छेद चपटा, चौकोनी राहतो आणि तिरप्या प्रकाशात तो पट्टीसारखा चमकतो. पण बाहेरच्या आणि आतल्या रांगेचे वेगळे पत्रे मऊ रबरावर ठेवून गोल टोकाच्या हत्याराने शंकूसारखे दाबले आणि एकमेकांपासून अंतर राखून बसवले, तर खोली चांगली येते. वर प्रायमरचे पातळ थर दिले की कडाही थोड्या बोथट होतात. हात अजून विणकामाला सरावलेला नसेल, तर वाकड्यातिकड्या धाग्यांपेक्षा नीट घडवलेले फोटोएच केव्हाही बरे.

आऱ्यांची संख्या ठरवताना संदर्भ जपून निवडावा. बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममधली गाडी १९२० च्या नमुन्याची आहे, आणि त्या नमुन्यात चाकेच बदलली होती. त्यामुळे तुमच्या गाडीसाठी १९१४-१५ ची छायाचित्रेच पाहावीत. चाकाचा स्वच्छ दिसणारा चौथा हिस्सा निवडून रिमपाशी टोके मोजावीत आणि चाराने गुणावे. एका रांगेत पुढे आणि मागे कललेल्या तारांच्या जोड्या असतात, म्हणून रांगेची एकूण संख्या नेहमी सम असते.

रणरथ३५

दोघांचेही आभार. पुढची दोन आणि मागची बाहेरची दोन अशी चार चाके विणायची, असे ठरवत आहे. मागची आतली दोन किटमधलीच ठेवली तर फटीतून जाड आरे दिसतील का? आणि रंग विणण्याआधी द्यावा की नंतर?

तारकाम

आतली दोन चाके किटचीच ठेवावीत, किंबहुना तुमच्या वजनाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे. या भरीव, मजबूत चाकांनी मागचा भार घ्यावा आणि विणलेले बाहेरचे चाक जमिनीला नुसते टेकलेले असावे. त्यासाठी आतल्या टायरचा तळ बाहेरच्यापेक्षा केसभर खाली ठेवला तरी पुरे. आतले आरे मागून कानशीने घासून पातळ करावेत आणि गडद रंगवावेत. बाहेरच्या जाळीमागे ते सावलीसारखे दिसतात, जाडी कळत नाही. पुढच्या धुरीला असा आधार नाही, म्हणून चासीच्या खालून एक पितळी पिन थेट पायाच्या फळीत उतरवावी आणि गाडीचा पुढचा भार तिच्यावर सोडावा. पुढच्या चाकांवर वजन मुळीच येऊ देऊ नये, कारण नायलॉन सावकाश ताणत जातो आणि काही महिन्यांनी तुंबा मध्यापासून खाली उतरलेला दिसतो.

रंगाचे म्हणाल तर रिमची आतली बाजू आणि तुंबा विणण्याआधीच रंगवावा, नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही. भोकांच्या तोंडाशी रंग राहिला तर त्यांतून ड्रिल बिट पुन्हा एकदा फिरवून घ्यावा. विणून झाल्यावर टायर बसवण्यापूर्वी एअरब्रशने चार दिशांनी, प्रत्येक वेळी अगदी पातळ फवारा द्यावा. समोरून एकच दाट थर दिल्यास तारांच्या छेदांवर रंगाचे पडदे धरतात आणि सगळी बारीक कारागिरी बुजून जाते.

सूक्ष्मयंत्र

एक पुरवणी. धुळीसाठी पिगमेंट (रंगाची कोरडी पूड) वापरणार असाल तर ते टायर, रिमची कड आणि तुंब्याभोवतीचा खळगा एवढ्यापुरतेच ठेवावे. तारांवर पातळ केलेला तपकिरी वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) ब्रशने एकदाच ओढावा आणि छेदांवर थेंब साचला तर कोरड्या ब्रशच्या टोकाने लगेच टिपून घ्यावा.