मदत हवी आहे: 'ड्रॅस्टिकली' नेमकं कुठे बसतं?

निफाडकर: कांदा-द्राक्ष बाजाराचा आठवड्याचा अहवाल इंग्रजीत जातो. त्यात 'भाव झपाट्याने पडले' याला 'फेल ड्रॅस्टिकली' चालेल का? 'आवक थोडी ड्रॅस्टिकली घटली' आणि 'द्राक्षाची गोडी ड्रॅस्टिकली सुधारली' हेही मसुद्यात आहे. स्पेलिंगचीही खात्री नाही.

गोदाकाठ: झपाट्याने हा वेग झाला. ड्रॅस्टिकली वेग सांगत नाही, फरक केवढा मोठा ते सांगतं. समजा, लासलगावला भाव सकाळच्या सत्रात क्विंटलला २,४०० वरून २,३२० वर आला, तर घसरण वेगाने झाली, पण ड्रॅस्टिकली नाही. तोच तीन महिन्यांत ३,६०० चा १,२०० झाला, तर रोज थोडाथोडा उतरूनही ड्रॅस्टिकली. अचानक आणि मोठी, दोन्ही सांगायचं असेल तर 'शार्पली'. ८ डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीनंतर भाव कोसळले, तिथे हाच शब्द शोभतो.

'थोडी ड्रॅस्टिकली' सरळ काटा, 'थोडं प्रचंड' म्हटल्यासारखं होतं ते. 'प्लंज्ड ड्रॅस्टिकली'ही नको, प्लंजमध्येच गडगडणं आलं.

खरी गफलत जागेची होते. कर्म नसेल तर क्रियापदानंतर: 'प्रायसेस फेल ड्रॅस्टिकली'. कर्म असेल तर क्रियापदाच्या आधी: 'द बॅन ड्रॅस्टिकली रिड्यूस्ड एक्स्पोर्ट्स'. 'रिड्यूस्ड ड्रॅस्टिकली एक्स्पोर्ट्स' असं मधे घुसवलं की वाक्य बिघडलंच. कर्मणीला 'वेअर ड्रॅस्टिकली रिड्यूस्ड'.

द्राक्षपंढरी: गोडीचं वाक्य चूक नाही, पण खटकतं. ड्रॅस्टिक मुळात ग्रीक, 'परिणामकारक' अशा अर्थाचा. इंग्रजीत आधी जालीम औषधांसाठी, विशेषतः जुलाबाच्या, वापरात होता. तो कडकपणा अजून गेलेला नाही. म्हणून कपात, घट, टंचाई यांच्याशी त्याचं जमतं. गोडी वाढली तर 'मार्केडली' (ठळकपणे) लिहा, आणि पुढे ब्रिक्सचा, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापाचा, आकडा द्या; खरेदीदार विशेषणं वाचत नाही.

स्पेलिंग: डी-आर-ए-एस-टी-आय-सी-ए-एल-एल-वाय. उच्चार ड्रॅस्-टिक्-ली, त्यातला दुसरा 'ए' मुका, म्हणून लिहिताना गळतो. आय-सी ने संपणाऱ्या शब्दांना बहुतेक असंच ए-एल-एल-वाय लागतं. 'पब्लिकली' मात्र अपवाद.

निफाडकर: मग 'अरायव्हल्स फेल ड्रॅस्टिकली, फ्रॉम १२,००० टू ४,००० क्विंटल्स' बरोबर ना?

गोदाकाठ: बरोबर. फक्त आकड्यामागे 'क्विंटल्स'नंतर 'अ डे' की 'अ वीक' ते लिहा, नाहीतर उलटा फोन येईल.