‘संदिग्ध’ आणि ‘मोघम’ यांत फरक काय?

बेळगावच्या शहापुरात आमचा भाड्याचा गाळा आहे. करारात एक वाक्य आहे: ‘भाडेकरूने मालकास कळवून त्याच्या खर्चाने दुरुस्ती करावी.’ मृगाच्या पहिल्याच पावसात पत्रा गळायला लागला आणि ‘त्याच्या’ म्हणजे कुणाच्या, यावरून जुंपली. मी म्हटलं, करार मोघम आहे. वकीलसाहेब म्हणाले, मोघम नव्हे, संदिग्ध. दोन्ही एकच ना?

– नाही, वकीलसाहेबांचं बरोबर आहे. ‘भाडं वेळोवेळी वाढवावं’ हे मोघम. किती, कधी, काही पत्ता नाही. तुमच्या वाक्यात अर्थ चांगले नेमके आहेत, पण दोन आहेत. ‘मी त्याला जेवताना पाहिलं’मध्ये जेवत कोण होतं, तसंच हे. व्याकरणाने पाहिलं तर खर्च मालकाकडे जातो. भाडेकरूचा असता तर ‘स्वतःच्या’ हवं होतं. पण बोलताना हा नियम पाळतो कोण!

‘संदिग्ध’ हा शब्द मुळात माखण्याचा आहे. संस्कृत ‘दिह्’ म्हणजे माखणं, लिंपणं. विष माखलेला बाण तो विषदिग्ध. ‘संदेह’ही त्याच धातूचा.

आपल्या बेळगावात मात्र या शब्दाचीच पंचाईत आहे. कन्नडात ‘संदिग्ध परिस्थिती’ म्हणजे पेच, इकडे आड तिकडे विहीर. हिंदी बातम्यांत ‘संदिग्ध’ म्हणजे पोलिसांना ज्याचा संशय आहे तो माणूस. तिन्ही भाषा दिवसभर कानावर पडतात, त्यामुळे आपली पोरंही ‘दोन संदिग्ध पकडले’ असं बेधडक लिहितात. मराठीत माणूस संशयित. संदिग्ध असतं ते विधान, उत्तर, फार तर भूमिका.

– मग कराराला ‘द्व्यर्थी’ का म्हणू नये?

– अर्थाने चालेल, पण कानाला खटकेल. ‘द्व्यर्थी’ म्हटलं की चावट विनोदच आठवतो. कन्नड ‘द्वंद्वार्थ’चीही तीच गत. शिवाय द्व्यर्थी बोलणारा बहुधा मुद्दाम बोलतो, श्लेष करणाराही. तुमचा करार लिहिणाऱ्याने एवढं डोकं चालवलं असेल असं वाटत नाही.

– आभार. मालकांना ‘स्वतःच्या’चा नियम समजावून सांगितला. ‘बघू की,’ म्हणाले. हे मोघमात धरायचं ना?

– शंभर टक्के. तोवर पत्र्याखाली बादली ठेवा.