चाळिशीनंतर खेळायचं की नुसता व्यायाम करायचा?

पेठकरी : रंकाळ्यावर सकाळी फेऱ्या मारणारी मंडळी बघा. मनगटावर घड्याळ, पावलांचा हिशेब, आणि तोंडं मीटिंगला निघाल्यासारखी. अंग हललं, पण खेळ कुठं झाला? मोठ्या माणसाला आठवड्यातनं तासभर असा खेळ पाहिजे ज्यातनं वजन, पैसा, ओळख काही म्हणजे काही मिळवायचं नाही. लगोरी घ्या. दहा-बारा जण, सात ठिकऱ्या, एक चेंडू. पटत नसेल तर खुशाल हाणा.

हिशेबी माणूस : हाणतोच. आठवड्यातनं पाच दिवस अर्धा तास भरभर चाललं की 150 मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना किमान तेवढंच सांगते. तुमच्या लगोरीत निम्मे जण कमरेवर हात ठेवून उभे. बारा जण एका वेळी जमवायचे म्हणजे ग्रुपवर चार दिवस नुसते अंगठे. आणि टर्फवर, म्हणजे त्या भाड्याच्या नकली गवताच्या मैदानावर, रात्री अकराला फुटबॉलच्या नावानं जे चालतं त्याला खेळ म्हणायचं? हरणाऱ्यांनी बिल भरायचं, मग पेनल्टीवरनं गचांडी धरायची.

पेठकरी : टर्फचं मान्य. बिल हरण्याला बांधलं की खेळ मेलाच. वर्गणी आधी गोळा करा आणि दर डावाला गडी नव्यानं वाटा. मागच्या डावातला वैरी या डावात आपला भिडू असला की भांडणार कुणाशी? तालमीत जोर करताना, म्हणजे सरावाची कुस्ती धरताना, कोण किती वेळा पडला याची वही कुणी ठेवत नाही. मैदानातली कुस्ती वेगळी.

गुडघेदुखी : दोघंही मुद्दा सोडून बोलताय. दिवसभर खुर्चीत बसणारा रविवारी एकदम सुटतो, तेव्हा आधी जाते ती टाचेवरची जाड शीर, अकिलीस. उभ्या जागेवरनं झटक्यात पळताना ती तुटते. मागनं कुणीतरी लाथ घातल्यासारखं वाटतं, वळून बघावं तर कुणी नाही. म्हणून आधी दीड महिना तयारी करा : पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, टाचा सावकाश वर-खाली, 15 वेळा, असे तीन सेट, एक दिवस आड. खेळायच्या दिवशी दहा मिनिटं हलकं पळून अंग गरम करा. टर्फवर लांब स्टडचे बूट नकोत. पाऊल रुतून राहतं, अंग फिरतं आणि मधल्या मधे गुडघ्याचं लिगामेंट जातं. बारीक रबरी ठिपक्यांचे बूट मिळतात, ते घ्या.

हिशेबी माणूस : बघा! खेळायच्या आधी दीड महिना व्यायाम. मग व्यायामच करा की.

झिम्मा : तुमचा सगळा वाद पुरुषांचाच चाललाय. नागपंचमीला, गौरीला पन्नाशीतल्या बायका फुगडी घालतात ते काय वजन उतरवायला? आणि त्यात कसब लागतं. चवड्याला चवडा भिडवायचा, हात कैचीत, बोटं न धरता मनगटं धरायची, कारण घामानं बोटं सुटतात. कोपर ताठ ठेवून दोघींनी सारखंच मागं रेलायचं. एक भारी, एक हलकी असेल तर भारीनं कमी रेलायचं, नाहीतर हलकी ओढली जाते. गुळगुळीत फरशीवर पाणी सांडलेलं असलं तर नकोच, आणि पायमोजे घालून तर कधीच नको. थांबताना आधी वेग कमी, मग हात. बसफुगडी मात्र गुडघे धड असणारीनंच घालावी.

हिशेबी माणूस : ताई, फुगडी मान्य. पण तिला सणाचं निमित्त आहे. एरवी मंगळवारी संध्याकाळी चौकात फुगडी घातली तर सासरचे काय म्हणतील? मोठ्यांना खेळायला परवानगी लागते, माझं म्हणणं तेच.

झिम्मा : परवानगी पुरुषांनाही लागते, फक्त ते तिला ‘फिटनेस’ म्हणतात.

ठिकरी : आता थोडं कामाचं. शहाबादी फरशीचे तुकडे लगोरीला घेऊ नका, कडा कापतात आणि टवके उडतात. 12 मिमी प्लायवूडच्या सात चकत्या कापून घ्या. खालची 6 इंच, वर दर चकतीला अर्धा इंच कमी, म्हणजे सगळ्यात वरची 3 इंच. कडांना पॉलिश पेपर मारा. चेंडू जुन्या मोज्यांचा, घट्ट गुंडाळून वरनं शिवलेला. त्यानं दगड पडत नाहीत, प्लायवूड पडतं, आणि पाठीत बसला तरी वळ उठत नाही. नेम 15 फुटांवरनं, मारायचं कमरेखालीच. हद्द 40 बाय 30 फूट आखा. गुडघेदुखींची भीती खरी आहे, पण लांब पळायला जागाच नसली की फार वेग तरी येत नाही. मोज्यांचा चेंडू उसळत नाही, म्हणून गड्यांनी जवळ राहून पास द्यायचा. जिथं तिथं उभं राहणारे त्यामुळं आपोआप हलतात.

गुडघेदुखी : हद्द आखली तर ठीक. टाचांचे सेट तरीही सोडू नका.

हिशेबी माणूस : चकत्या सुताराकडनं आणतो, वर्गणीही देतो. बारा जण तुम्ही जमवा. आणि पावसाळ्यात मोज्यांचा चेंडू भिजून वीट होणार, त्याचं काय ते सांगा.

ठिकरी : दोन चेंडू शिवा. एक खेळात, एक वाळत.