लग्नाची डीव्हीडी शेवटाकडे कॉपी होत नाही

प्रश्न (कोथरूड): २००६ च्या लग्नाची डीव्हीडी. शेवटच्या व्हीओबी (डीव्हीडीवरच्या व्हिडिओच्या) फाइलला 'सीआरसी एरर' (डेटा नीट वाचता न आल्याची चूक) येते. उपाय?

– डेटा आतून बाहेर लिहिलेला असतो, म्हणजे दोष काठाशी. तिथेच बोटं लागतात! मऊ सुती कापडाने मधून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल नको. मग फाइली न ओढता 'डीडीरेस्क्यू' या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रामने अख्खी आयएसओ (पूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल) काढा: ब्लॉक (डिस्कवरचा एक तुकडा) २०४८ बाइटचा, मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) हवीच.

– तरी अडलं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच मॅप फाइल द्या, फक्त राहिलेले तुकडे वाचेल. ड्राइव्हसाठी तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) विचारून बघा.

– आयएसओ ज्यावर लिहाल त्या नवीन डिस्कवर कागदी स्टिकर अजिबात नको, फिरताना तोल जातो. आयएसओ ४.७ जीबीच्या वर असेल तर डबल लेअर (दोन थरांची, जास्त डेटा मावणारी) डिस्क घ्या.