प्रति: टी-पेशींना फक्त प्रथिनंच ओळखता येतात?
‘टी-पेशींना (म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) प्रथिनांचे तुकडेच ओळखता येतात’ असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय. मीही कॉलेजात हेच शिकलो, पण ते अपुरं आहे. १९९४ साली बॉस्टनच्या संशोधकांनी दाखवलं, की माणसाच्या काही टी-पेशी क्षयाच्या जंतूचं मायकोलिक आम्ल ओळखतात, आणि ते तर मेद! सीडी१बी नावाचं प्रथिन तो रेणू पेशीच्या पृष्ठभागावर धरून ठेवतं. त्याच्या लांबलचक शेपट्या प्रथिनाच्या खोल खाचेत दडतात, छोटंसं डोकं तेवढं बाहेर राहतं. टी-पेशी चाचपते ते हे डोकं आणि भोवतीची कड.

क्षयाच्या निदानासाठी थुंकीची स्लाइड रंगवणाऱ्यांना हे मायकोलिक आम्ल ओळखीचं आहे. रंगवलेली स्लाइड तीव्र आम्लाने धुतल्यावर बाकी सगळ्याचा रंग उतरतो आणि निळ्या पार्श्वभूमीवर क्षयजंतूंच्या लालबुंद काड्या उरतात, त्या मायकोलिक आम्ल असलेल्या त्यांच्या मेणचट भिंतीमुळे. मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की एचएलए (टी-पेशींना प्रथिनांचे तुकडे धरून दाखवणारं प्रथिन) माणसागणिक बदलतं, सीडी१ (सीडी१बी ज्या गटातलं, तो गट) मात्र जवळपास सगळ्यांत सारखंच. लशीच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. अडचण एवढीच, की उंदरात सीडी१बी नसतंच. त्यामुळे प्रयोगांसाठी गिनीपिग किंवा मानवी जनुकं घातलेले उंदीर लागतात.