मदत हवी: अमोनिया ३८ पीपीएम येऊन राहिला. कॅलिब्रेशन कसं करू?

हिंगणारोडवाला: घरामागून वास येतो म्हणून सेन्सर लावला. तीन दिवस झाले, आकडा २० वरून ३८ पर्यंत चढतो. कोड तीनदा तपासला, बरोबर आहे. उद्या संध्याकाळी सोसायटीची मीटिंग आहे, तिथं आकडा दाखवायचा आहे. कॅलिब्रेशन कसं करायचं एवढंच सांगा. घर बदला वगैरे सल्ले नको.

तर्री_जास्त: कोणता सेन्सर? कुठं लावला? वास कशाचा?

हिंगणारोडवाला: एमक्यू-१३५. अजून कोणता असणार? आर्डुइनोच्या सर्किट बोर्डवर. वास म्हणजे वास, सडका.

ऑरेंज४५: आमच्याकडे प्युरिफायर घेतला, मुलीचा खोकला महिन्याभरात गेला. कार्बन फिल्टरवाला घ्या, साध्यात वास जात नाही.

तर्री_जास्त: तो मोजायचं विचारून राहिला बे, तू विकून राहिला.
भाऊ, ३८ पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३८ भाग, घनमीटरला २६ हजार मायक्रोग्रॅमच्या वर. बाहेरच्या हवेसाठी आपल्याकडची मर्यादा २४ तासांना ४०० आहे, म्हणजे अर्ध्या पीपीएमच्या जरा वर. ३८ खरं असतं तर डोळे चोळत बसला असता, धागा काढला नसता. अन् तो सेन्सर १० पीपीएमपासून पुढं मोजायला बनवलेला. अमोनिया, दारूची वाफ, धूर, सगळ्यालाच हो म्हणतो. त्याला कोणता वायू ते कळतच नाही.

निवृत्त_केमिस्ट: हे खेळणे आहे. योग्य पद्धत अशी: इंपिंजरमध्ये, म्हणजे हवा द्रावणातून बुडबुडत नेणाऱ्या काचेच्या नळीत, सौम्य सल्फ्युरिक आम्ल, त्यातून मिनिटाला एक लिटर हवा तासभर ओढायची, मग इंडोफिनॉलचा निळा रंग रंगाची तीव्रता मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचायचा. मे महिन्यात गच्चीवर आम्ही इंपिंजर बर्फात बुडवून ठेवत असू. नाहीतर द्रावण उडून पातळी खाली येते, ती खुणेपर्यंत भरल्याशिवाय हिशेब जुळत नाही. सल्फर डायऑक्साइडसाठी मात्र वेस्ट-गेके पद्धत. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांचा कोळसा पाहता तो आधी मोजावा.

तर्री_जास्त: काका, सल्फर डायऑक्साइड कोणी विचारला? अन् वेस्ट-गेकेत पाऱ्याचं संयुग लागतं, ते याच्या स्वयंपाकघरात ठेवायचं का?

निवृत्त_केमिस्ट: स्वयंपाकघरात ठेवा असे मी म्हटलेले नाही. धड वाचत जा.

सेन्सरपंथी: काकांच्या पद्धतीत एका तासाचा एक आकडा मिळतो. वास दहा मिनिटं येऊन गेला तर? चार इलेक्ट्रोडचे इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर पीपीबीपर्यंत, म्हणजे अब्जातल्या भागापर्यंत जातात.

निवृत्त_केमिस्ट: आणि ४५ अंशांत त्यांचा शून्यच सरकतो. तुमचा नायट्रोजन डायऑक्साइडवाला तर ओझोनलाही तोच समजतो.

सेन्सरपंथी: म्हणून तर पुढं ओझोन गाळणारा फिल्टर लावतात. अन् आधी काही आठवडे प्रमाणित यंत्राच्या शेजारी ठेवून ताळमेळ घालावा लागतो, तो मी घालतो.

धरमपेठकर: नीरी, ती पर्यावरण संशोधन संस्था, आपल्याच नागपुरात आहे, १९५८ पासून. तिथं नेऊन द्या ना.

तर्री_जास्त: नीरी काय पोह्याचा ठेला आहे, गेलं अन् प्लेट घेतली?

हिंगणारोडवाला: भांडा तुम्ही. मीटिंग उद्या आहे.

वऱ्हाडी_ताई: भाऊ, वास किती वाजता येतो अन् आकडा किती वाजता चढतो, ते वेगवेगळं सांगा. अन् सेन्सर नेमका कुठं आहे?

हिंगणारोडवाला: वास पहाटे ५ च्या सुमारास. ७ नंतर नाही. आकडा दुपारी १ ते ४. सेन्सर मागच्या खिडकीत, कूलरच्या बाजूला.

वऱ्हाडी_ताई: कूलरच्या बाजूला! अन् हे आत्ता सांगून राहिले?
तो सेन्सर तापमान अन् दमटपणा दोन्हीनं हलतो. दुपारी उन्हाची भट्टी, वरून कूलरची ओल. आकडा त्यांचा आहे, वासाचा नाही.
पहाटेचा वास खरा असेल. वारा पडलेला, थंड हवा जमिनीलगत बसलेली, म्हणून वास खालीच साचतो. ऊन चढलं की हवा वर-खाली ढवळते अन् वास विरतो. सडक्या अंड्यासारखा आहे का? असेल तर हायड्रोजन सल्फाइड. तो नाकाला काही पीपीबीतच कळतो, तुमच्या सेन्सरच्या बापाला कळणार नाही.

हिंगणारोडवाला: हो, अंड्यासारखाच. सांगितलं होतं ना, सडका.

वऱ्हाडी_ताई: नाही सांगितलं.

निवृत्त_केमिस्ट: मग लेड अ‍ॅसिटेटचा कागद ओला करून पहाटे टांगा. तपकिरी-काळा झाला तर सल्फाइड. आकडा मिळणार नाही, पण मीटिंगमध्ये कागद दाखवता येतो. शिसे विषारी आहे, हात धुवा, मुलांपासून लांब ठेवा. आकडा हवा असेल तर कॅडमियम हायड्रॉक्साइड आणि मिथिलीन ब्लूची पद्धत, ती प्रयोगशाळेतच.

हिंगणारोडवाला: आज दुपारी कूलर बंद केला, ३८ चे २७ झाले. मग सेन्सर उन्हात ठेवला, परत ३४. ताई, दंडवत. कागद आजच्या आज मिळाला नाही. मीटिंगमध्ये आकडा सांगितलाच नाही. पहाटे ५ ला सगळ्यांनी गच्चीवर या म्हटलं, तर दोघं तयार झाले.

ऑरेंज४५: कूलरला खस लावली की वूडवूल?