मदत हवी आहे: बाबांच्या रिपोर्टमधला 'एम स्पाइक'

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला, रामबागेत राहतो. बाबा ६८ वर्षांचे. पाच महिने कंबर दुखत होती, वयामुळे असेल म्हणून आम्ही शेक आणि गोळ्यांवर काढले. त्याचं आता फार वाईट वाटतं. हिमोग्लोबिन ८.४ आलं. टोटल प्रोटीन १०.२, त्यात अल्ब्युमिन फक्त ३.१, म्हणजे ग्लोब्युलिन (अल्ब्युमिन सोडून उरलेली प्रथिनं) ७.१! तो आकडा पाहून डॉक्टरांनी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून बघायची तपासणी) करायला लावलं. आलेखात गॅमाच्या (अँटिबॉडी प्रथिनांच्या) जागी, जिथे पसरट टेकाड असायला हवं, तिथे सुळक्यासारखं अरुंद टोक आलंय. खाली लिहिलंय, एम स्पाइक (म्हणजे एकाच प्रकारच्या अँटिबॉडीचं ते टोक) ४.३.

आता इम्युनोफिक्सेशन (ती अँटिबॉडी कुठल्या प्रकारची, हे बघायला) आणि फ्री लाइट चेन (अँटिबॉडीचे कॅपा आणि लॅम्डा हे सुटे तुकडे मोजायला) सांगितलंय. नुसत्या स्पाइकवरून मायलोमा (बोन मॅरोमधल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर) ठरत नाही, बोन मॅरो तपासावीच लागेल, हेही त्यांनी समजावलं.

ज्यांच्या घरी हे झालंय, त्यांना विचारते: दोन्ही तपासण्या एकाच वेळी रक्त देऊन होतात का? बाबांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) वाढलंय, मग कॅपा-लॅम्डाचं गुणोत्तर वेगळ्या मर्यादेने बघतात ना? इंदुरात रिपोर्ट किती दिवसांत मिळतो? आणि मॅरोच्या वेळी फार दुखतं का? बाबा कण्हत नाहीत हो, नुसती पलंगाची कड घट्ट धरून ठेवतात.